नवरा जखमी झाला तर बायकोच्या नुकसानाचा दावा कसा करायचा?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे यजमान ३८ वर्षांचे. नातेवाइकाच्या लग्नासाठी दोघं नाशिकला निघाले होते, शिरपूरच्या अलीकडे ट्रकने गाडीला मागून धडक दिली. ताईंना खरचटण्यावर निभावलं, यजमानांच्या मणक्याला मार बसला आणि कमरेखालची संवेदना गेली. त्यांचा फ्लेक्स आणि पत्रिका छापण्याचा छोटा धंदा, महिन्याला साधारण ३०,००० सुटायचे. ताई खाजगी शाळेत १८,००० वर शिकवत होत्या, ती नोकरी सोडावी लागली. अपघाताला चार महिने झालेत. त्यांनी लिहिलंय, "क्लेम यांच्या नावाने लागेल हे समजलं. पण माझी नोकरी गेली, माझ्या रात्री गेल्या, आमचा संसार थांबला, त्याचं काय? मी माझ्या नावाने वेगळा दावा लावू शकते का?" आणि शेवटी, "नवराबायकोचं नातं आता पूर्वीसारखं राहणार नाही. हे कोर्टात बोलायचं असतं का, तेही कळत नाही."

ताई, इंदूरच्या जिल्हा कोर्टात मी सव्वीस वर्षं अपघाताचे क्लेम चालवतोय. हा प्रश्न समोर बसून फार थोड्या बायका विचारतात. बहुतेक जणी नवऱ्याच्या फायली घेऊन येतात, त्याच्याबद्दल तासभर बोलतात, आणि स्वतःबद्दल विचारलं की "माझं काय, मी ठीक आहे" म्हणतात. तुम्ही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ प्रमाणे जखमी माणूस हयात असेल तर भरपाईचा अर्ज त्यानेच करायचा, किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने त्याच्या वतीने. वारसांना स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो तो मृत्यू झाला असेल तर. तेव्हा तुम्ही स्वतंत्र 'आवेदक', म्हणजे अर्जदार, म्हणून अर्ज लावलात तर विमा कंपनीचा वकील पहिल्याच पेशीला, म्हणजे तारखेला, त्यावर बोट ठेवेल, आणि कायद्याच्या शब्दांवर त्याचं म्हणणं टिकेल.

'सहवासाचं नुकसान' हे शब्द तुम्ही कुठेतरी वाचले असणार. ही कल्पना जुन्या इंग्लिश कायद्यातून आली. तिथे बायको जखमी झाली तर नवऱ्याला तिच्या सहवासाची भरपाई मागता यायची, पण नवरा जखमी झाला तर बायकोला नाही. १९५२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, अशाच एका बायकोचा दावा गेला आणि फेटाळला गेला. पुढे १९८२ मध्ये तिथल्या संसदेने नवऱ्याचा हक्कही काढून टाकला. अमेरिकेत उलट झालं, १९५० पासून तिथली न्यायालयं बायकोचा दावा मान्य करत गेली. आपल्याकडे मोटार अपघातात भरपाईचा हा मथळा मुख्यतः मृत्यूच्या प्रकरणात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी निकालात त्यासाठी ४०,००० रुपये ठरवले आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली.

हा आकडा मुद्दाम सांगितला. आयुष्यभराची सोबत गेल्याबद्दल कायदा चाळीस-पन्नास हजारांच्या घरातली रक्कम देतो. त्या एका शब्दामागे धावून तुमचं भलं होणार नाही. तुमचं खरं नुकसान ज्या मथळ्याखाली मोजलं जातं, त्याचं नाव आहे परिचराचा खर्च, म्हणजे जखमी माणसाची सेवा करणाऱ्याचं मोल. तो मथळा यजमानांच्याच अर्जात येतो, आणि नीट मागितला तर लाखांत जातो.

२०२० च्या काजल प्रकरणात बारा वर्षांची मुलगी कायमची अंथरुणाला खिळली होती. सर्वोच्च न्यायालयाने दोन परिचर धरले, प्रत्येकी महिना ५,०००, आणि १८ चा गुणक लावला, म्हणजे वर्षाच्या रकमेला वयावरून ठरलेल्या १८ ने गुणलं. फक्त सेवेपोटी २१,६०,००० रुपये झाले. तोपर्यंत अपघाताचे दावे ऐकणारी अनेक अधिकरणं या मथळ्याखाली ठोक पंचवीस-पन्नास हजार देऊन मोकळी व्हायची. तुमच्या यजमानांच्या वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे १५ चा गुणक लागतो. एका परिचराचे महिना १०,००० जरी धरले, तरी वर्षाचे १,२०,००० आणि एकूण १८,००,०००. हे तुमच्या हातांच्या कामाचे पैसे आहेत.

विमा कंपनी म्हणेल, परिचर ठेवलाच नाही, बायकोच करते, मग खर्च कुठे झाला? याचं उत्तर दिल्ली उच्च न्यायालयाने १९८१ मध्येच देऊन ठेवलंय. दिल्ली परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं की घरच्या माणसांनी विनामोबदला सेवा केली म्हणून जखमी माणसाची त्या सेवेची भरपाई हिरावून घेता येत नाही. घरातलं माणूस राबलं त्याचा फायदा चूक करणाऱ्याला का मिळावा, हा त्यामागचा विचार. मी हा निकाल जवळजवळ प्रत्येक गंभीर इजेच्या प्रकरणात लावतो.

पण निकाल असून भागत नाही, पुरावा लागतो, आणि इथेच बायका मार खातात. काही वर्षांपूर्वी रामबागेतल्या एका काकूंचं प्रकरण माझ्याकडे होतं. त्यांच्या यजमानांना तुमच्या यजमानांसारखीच इजा. काकूंनी मुलाच्या शाळेच्या शंभर पानी वहीत रोज टिपून ठेवलं होतं. 'रात्री १, कूस बदलली. ३, कूस बदलली. ५, पिशवी रिकामी, ४०० मिली. ७, स्पंजिंग, पाठीला पावडर, डाव्या टाचेला लाली.' अशी तीन वह्या. त्यांनी ते कोर्टासाठी लिहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, म्हणून विसरू नये यासाठी त्या लिहीत होत्या. उलटतपासात समोरच्या वकिलांनी विचारलं, "पत्नी म्हणून हे तर आपलं कर्तव्यच आहे ना?" काकू म्हणाल्या, "हो, आहे. ते मी झोप टाकून करते, एवढंच सांगायला आले." न्यायाधीशांनी वह्या मागवून घेतल्या, दहा-बारा पानं उलटून पाहिली आणि त्यांना प्रदर्श क्रमांक दिला, म्हणजे पुरावा म्हणून नोंदवून घेतलं. परिचराची रक्कम आम्हाला पूर्ण गुणकाने मिळाली.

त्याआधीच्या एका प्रकरणात मी हे करायला चुकलो होतो. बायकोचं बयान घेतलंच नाही, फक्त नवऱ्याचं आणि डॉक्टरांचं घेतलं. परिचराच्या नावाखाली अगदी किरकोळ ठोक रक्कम आली, आणि ती दुरुस्त करायला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अपिलात जावं लागलं. त्या बाईंनी मला कधी बोल लावला नाही, मलाच ते अजून लागतं. तेव्हापासून बायकोला साक्षीला उभं केल्याशिवाय मी गंभीर इजेचं प्रकरण बंद करत नाही.

म्हणून ताई, आज रात्रीपासून वही सुरू करा. मागचे चार महिने आठवेल तसे, पण खरे लिहा; अंदाजाने लिहिलंय तिथे 'अंदाजे' असं नोंदवा. कॅथेटर, डायपर, हवेची गादी, व्हीलचेअर, फिजिओथेरपिस्टची घरची फी, एमवायला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, किंवा खाजगी दवाखान्यात न्यायला लागलेली गाडी, या सगळ्याच्या पक्क्या पावत्या घ्या. मेडिकलवाला कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देत असेल तर थांबून पक्कं बिल मागा, त्यावर यजमानांचं नाव घाला. मूळ बिलं मेडिक्लेमला दिली असतील तर त्यांच्या शिक्क्याच्या प्रती आणि किती रक्कम मंजूर झाली त्याचं पत्र जपून ठेवा.

आता तुमची नोकरी. इथे एक सावधगिरी. परिचराचा खर्चही मागायचा आणि तुमचा गेलेला १८,००० पगारही पूर्ण मागायचा, हे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मागण्यासारखं दिसतं, आणि न्यायाधीशाला ते खटकतं. मी पगाराचा उपयोग मापासारखा करतो. शाळेचं नियुक्तिपत्र, पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक, राजीनाम्याची प्रत आणि शाळेचं पत्र लावायचं, आणि म्हणायचं की या बाईंचा दिवसाचा वेळ बाजारात १८,००० ला विकला जात होता, तोच वेळ आता चोवीस तास यजमानांना लागतो, तर परिचराचा दर १०,००० पेक्षा खाली कसा धरता? राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं असेल तर शाळेकडून खरं कारण लिहिलेलं पत्र घ्या.

यजमानांच्या कमाईचा हिशेब तुमच्याशी जोडलेला आहे, कारण घर त्यावर चालतं. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने एक गोष्ट पक्की केली. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्के कितीही असोत, कोर्टाने बघायचं ते त्या माणसाची कमाईची क्षमता किती गेली. छपाईच्या मशीनवर उभं राहून रोल बदलणं, पोस्टर लावायला शिडीवर चढणं, हे गेलं. कॉम्प्युटरवर बसून डिझाइन करणं कदाचित पुढे जमेल. विमा कंपनी हा दुसरा भाग धरून बसेल. डॉक्टरांना साक्षीत विचारावं लागेल की ते एका बैठकीत किती वेळ बसू शकतात, पाठीवर जखम झाली तर किती महिने आडवं पडावं लागतं. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळतात; इजेच्या प्रकरणातही ते द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे ३०,००० चे ४२,०००, वर्षाचे ५,०४,०००, गुणक १५ ने ७५,६०,०००. माणूस हयात असल्याने यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. कमाईची क्षमता ७५ टक्के गेली असं धरलं तर ५६,७०,०००. पण ३०,००० सिद्ध कशाने करणार? आयकर रिटर्न असतील तर उत्तम. नसतील तर जीएसटी, कागद-शाईच्या खरेदीची बिलं, बँकेची उलाढाल, दुकानाचं भाडं. रोखीचा धंदा आणि रिटर्न नाहीत, हे दर दुसऱ्या घरात दिसतं, आणि तिथे कोर्ट किमान वेतनावर उतरतं.

तुम्ही शेवटी संकोचाने जे विचारलंत, त्याकडे येतो. हो, ते मागता येतं आणि मागायला हवं. यजमानांच्या अर्जात 'जीवनातल्या सुखांना मुकणं' हा मथळा असतो, आणि त्यात वैवाहिक जीवनाचं नुकसान येतं. अर्जात दोन साधी वाक्यं पुरतात: इजेमुळे आवेदक वैवाहिक जीवन जगण्यास असमर्थ झाला आहे, आणि दांपत्याचं वय अमुक आहे. बाकीचं डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्यायचं. न्यूरोसर्जन किंवा युरोलॉजिस्ट यांनी केसपेपरवर त्याची नोंद केलेली असली की तुम्हाला तपशिलात बोलायची वेळ येत नाही. म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा आणि लिहून घ्या. एवढं करूनही उलटतपासात कोणी भलतं विचारेल अशी धास्ती असेल, तर तेवढा भाग भरल्या कोर्टात न घेता बंद दाराआड घ्यावा, अशी विनंती वकिलामार्फत करता येते. मूल होण्याचा विचार असेल तर त्यासाठी लागणाऱ्या उपचारांचा अंदाजपत्रकी खर्चही पुढच्या वैद्यकीय खर्चात मागा. हे सुचवलं की नवरा-बायको दोघंही खाली बघतात, आणि थोड्या वेळाने त्यातलं एक जण "हो, लिहा" म्हणतं.

अर्ज कुठे? अपघात धुळे जिल्ह्यात झाला म्हणून धुळ्याला खेटे घालायची गरज नाही. आवेदक जिथे राहतो तिथल्या अधिकरणातही अर्ज चालतो, म्हणजे इंदूरलाच. मात्र महाराष्ट्र पोलिसांचे कागद मराठीत असतात आणि इथलं कोर्ट हिंदीत चालतं. एफआयआर, पंचनामा, जबाब यांची हिंदी भाषांतरं सोबत लावावी लागतील. आपण घरी मराठी बोलतो म्हणून हे काम सोपं वाटतं, पण पोलिसी मराठी वेगळी असते. जाणकाराकडून करून घ्या. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत अधिकरणाला द्यायचा असतो. शिरपूरकडून तो धुळ्याच्या अधिकरणात गेला आहे का, याची चौकशी करून आपल्या अर्जात ते उघड लिहा. लपवलं तर नंतर अडचण होते.

आणि मुदत. २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मर्यादा आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमच्याकडे दोन महिने आहेत, आणि सगळे कागद गोळा होईपर्यंत थांबायची गरज नाही. अर्ज आधी, कागद मागून. व्याजसुद्धा अर्जाच्या तारखेच्या आधीचं मिळत नाही, म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना तुमच्या खिशातून जातो.

यजमान शुद्धीत आहेत, सही करू शकतात, हे मोठं भाग्य आहे. त्यांची सही, तुमची साक्ष. मेंदूला मार लागून माणूस बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट असेल तर बायको त्याची 'वादमित्र' म्हणून, म्हणजे त्याच्या वतीने, अर्ज चालवू शकते. त्याच्या खात्यातून पैसे काढायला आणि दुकान सांभाळायला मात्र बँक तिला जुमानत नाही, तिथे उच्च न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी त्याची पद्धत आखून दिली आणि इतर उच्च न्यायालयांत तिचा आधार घेतला जातो.

बोलू नये असं वाटतं, तरी सांगतो. प्रकरण चालू असताना जखमी माणूस गेला, मग कारण कोणतंही असो, तर कलम १६६ च्या नव्या उपकलम ५ प्रमाणे त्याचा भरपाईचा हक्क वारसांकडे येतो आणि प्रकरण पुढे चालतं. मृत्यू त्याच इजेमुळे झाला असेल तर अर्ज दुरुस्त करून मृत्यूचा दावा करायचा, आणि तेव्हा तुमचा स्वतःचा सहवासाचा मथळाही उघडतो.

रकमेबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. परिचराचे पैसे तुमच्या कष्टाचे असले तरी कायद्याने ते यजमानांना दिलेली भरपाई म्हणून त्यांच्या नावावर येतात. इंग्लंडमध्ये १९९४ च्या एका निकालापासून ते सेवा करणाऱ्यासाठी विश्वस्त म्हणून जपायचे धरतात. आपल्याकडे तसा ठाम नियम नाही. म्हणून अर्जाच्या प्रार्थनेतच, म्हणजे कोर्टाकडे काय मागतो त्या भागातच, लिहून टाकायचं की परिचराच्या हिश्श्याची मुदत ठेव करावी आणि तिचं मासिक व्याज पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात द्यावं. सासरी एकत्र कुटुंब असेल तर ही ओळ विसरू नका. चांगल्या घरांतही या पैशांवरून दिरा-नणंदांशी वितुष्ट आलेलं मी पाहिलंय, आणि त्यात सेवा करणारीच रिकाम्या हाताने उरते.

दरम्यान विमा कंपनीचा माणूस घरी येईल, लोक अदालतीत मिटवा म्हणेल. लोक अदालत वाईट नाही, मीही तिथे प्रकरणं मिटवतो. पण तिच्या निवाड्यावर अपील नाही, आणि मणक्याच्या इजेत अपंगत्व किती कायमचं राहणार हे वर्षभर तरी स्पष्ट होत नाही. जिल्हा वैद्यकीय मंडळाचं कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कुठल्याही आकड्याला हो म्हणू नका. दरम्यान पैशाची ओढ असेल तर कलम १६४ खाली कोणाची चूक होती हे सिद्ध न करता गंभीर इजेला २,५०,००० मिळतात, पण तो मार्ग धरण्याआधी वकिलाशी नीट बोला. ती रक्कम ठरीव आहे, आणि तुमचं नुकसान तिच्या कितीतरी पट आहे.

हे सगळं मोटार अपघाताचं. इजा दवाखान्याच्या हलगर्जीपणाने झाली असती तर तुमचा स्वतःचा दावा उभा राहिला असता. १९९८ मध्ये दिल्लीच्या एका बालरुग्णाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाबरोबर आई-वडिलांनाही 'ग्राहक' मानलं, आणि त्यांच्या मनस्तापापोटी वेगळे ५,००,००० कायम केले, मुलाचे १२,५०,००० वेगळे. त्याच धर्तीवर नवऱ्याच्या उपचाराचे पैसे भरणारी बायको ग्राहक आयोगात स्वतःचं नाव लावू शकते. मुदत दोन वर्षं. उलट पिथमपूरच्या कारखान्यात कामावर इजा झाली तर कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात बायकोचा वेगळा हक्क मृत्यूनंतरच येतो.

आणि तुमच्या जागी तुम्हीच जखमी झाला असता तर? यजमानांनाही वेगळा दावा नसता, पण तुमच्या अर्जात घरकामाचं मोल वेगळं मागता आलं असतं. गृहिणीच्या श्रमांना उत्पन्न धरायला हवं, हे सर्वोच्च न्यायालय २००१ पासून सांगत आलंय आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ते आणखी जोर देऊन सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कोर्टात याल तेव्हा डिस्चार्ज कार्ड, एफआयआरची प्रत, ट्रकच्या विम्याचा नंबर मिळाला असेल तर तो, शाळेचं पत्र, आणि ती वही आणा. भरलेली पानं चार असली तरी चालतील. यजमानांना उचलून आणू नका. वकालतनाम्यावर, म्हणजे वकीलपत्रावर, त्यांची सही घ्यायला मी सुदामानगरला येईन.